पाच दिवसांची खिंड

२ मे १९८६, शुक्रवार

नाव दिलं. देऊन टाकलं!

नांदेडच्या कॉलेजातले नरसिंग सर दर मे महिन्यात मंडळी घेऊन हिमालयात जातात. त्यांची खरी वाट अकरा दिवसांची. पण नोकरदारांना एवढी रजा कुठली, म्हणून त्यांनी एक छोटी वाट काढलीय. पाच दिवस चालायचं, बारा हजार फुटांवरची खिंड गाठायची, आल्या वाटेनं परत. सोबत तिथलाच वाटाड्या. यंदा टंचाईमुळं आम्हा शिक्षकांना सुट्टीतही टँकरच्या कामाला बसवलंय. मला अठरा दिवसांची सुटका मिळाली, तीही हेडबाईंच्या कृपेनं.

माझ्याबरोबर पंचफुला येणार. ती शाळेत गणित शिकवते, मी भूगोल. दहा वर्षं फळ्यावर पांढऱ्या खडूनं हिमनदी काढतेय. मुली विचारतात, बाई, बर्फ पायाखाली वाजतो का? मी म्हणते, वाजतो. मला काय माहीत!

सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, अजून सांगितलं नाही.

४ मे, रविवार

नळ आज नवव्या दिवशी आला. पाऊण तास. दोन घागरी, एक हंडा, झाकणाचा डबा, सगळं भरलं.

त्यातल्या पाण्यात आत्याबाईंनी यांचे दोन शर्ट भिजवले. दर उन्हाळ्यात ट्रंकेतून काढतात, धुतात, वाळवून परत घडी घालून ठेवतात. हे सोलापूरला जाऊन येतो म्हणून गेले त्याला नऊ वर्षं झाली. गल्लीत कुणी विचारलं तर आत्याबाई म्हणतात, येईल. मीही तेच म्हणते.

दुष्काळात शर्टाला अर्धी बादली गेली.

६ मे, मंगळवार

पंचफुलाचं रद्द. तिच्या वडिलांना उमरीहून नांदेडला दवाखान्यात आणलंय. एकटीनं कसं जायचं? घरी आले आणि बोलून गेले — हिमालयाचं राहिलं.

आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. कुठला हिमालय, कधी ठरलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पार्वतीचं माहेर तेच न्हवं का?"

हो म्हणाले.

"मंग मी येते."

सरांना ट्रंककॉल लावला. पन्नासपर्यंतचेच घेतो म्हणाले. पोलीस ॲक्शनच्या साली लग्न झालं तेव्हा आत्याबाई चौदा वर्षांच्या होत्या. म्हणजे आज बावन्न. सरांना पन्नास सांगितलं. भूगोलाची बाई, हिशेबात चुकले!

९ मे, शुक्रवार. नांदेड

लातूरहून पहाटेच्या एसटीनं आलो. गुरुद्वाऱ्यात हातपाय धुतले, लंगरमध्ये जेवलो. गोदावरी पात्रात कुठंतरी आहे, शोधावी लागते. पुलावरून आत्याबाई बराच वेळ खाली बघत होत्या.

स्टेशनवर सगळे जमलो. चौदाजण. रेल्वेच्या ऑफिसातले काही कारकून, काही शिक्षक. इरकली लुगडं, त्याखाली नवे कॅनव्हासचे बूट, गळ्यात लिंगाची चांदीची डबी — आत्याबाईंना नरसिंग सरांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, पन्नास नक्की का? मी मान हलवली. ते म्हणाले, वर डॉक्टर तपासतील, तिथं नापास झाल्या तर दोघींना खालीच बसावं लागेल. दोघींना!

११ मे, रविवार

मनमाडला गाडी बदलली. मग दोन दिवस नुसती खिडकी. माझ्या शाळेतल्या नकाशावर हे अंतर एक वीत भरतं.

१३ मे, मंगळवार. पहिला तळ

इथं सगळीकडून पाणी येतं. दगडांतून, मुळांतून, घरांच्या पायऱ्यांखालून. कुणी भरत नाही, कुणी बघतही नाही. काल आल्यापासून मला जागेपणीच झोपेत असल्यासारखं वाटतंय. देवदाराची झाडं इतकी उंच की वर बघताना तोल जातो. ढग रस्त्यावरून चालत येतो, आपल्यातून जातो, पदर ओला करून जातो.

आत्याबाईंना ओढ्याच्या आवाजानं झोप लागत नाही. सारखं वाटतं, कुठंतरी घागर भरून वाहायलीय.

डॉक्टरनं तपासलं. आत्याबाईंचं सगळं उत्तम. माझाच रक्तदाब थोडा वर. "भीती वाटते का?" म्हणाला. नाही म्हणाले.

१४ मे, बुधवार

चाललो. सहा तास. वाटाड्याचं नाव टेकराम. पन्नाशीचा असेल, विडी ओढत चालतो, मागं वळून कधी बघत नाही तरी कोण मागं राहिलं ते त्याला कळतं. आत्याबाई त्याच्याशी आपल्या लातुरी हिंदीत बोलतात — "हम आते जी, तुम आगे हो लेव." त्याला सगळं समजतं. मला त्याचं निम्मं समजत नाही.

जांभळी फुलं. नाव विचारलं तर टेकराम म्हणाला, फूल है.

१५ मे, गुरुवार

आज पायाखाली बर्फ आला. वाजतो! कोरडी ज्वारी पोत्यातून सांडल्यासारखा.

मी खाली बसले, मूठभर घेतला, बोटं बधिर होईपर्यंत धरून ठेवला. काय काय आठवत होतं — वर्गातला फळा, तळहाताला लागलेला खडू, आईचं घर. सगळं फार लांबचं, कुणा दुसऱ्या बाईचं. झाडं संपली. आता नुसता उतार, पांढरा आणि हिरवा, आणि त्यावर ढगांच्या सावल्या सरकताहेत. टेकडीएवढी सावली अंगावरून जाते आणि आवाज होत नाही. दुपारभर तेच बघत बसले. लातूर नावाचं गाव आहे, तिथं लोक नळाची वाट बघताहेत, यावर विश्वास बसेना.

आत्याबाईंनी ओढ्याच्या पाण्यानं आंघोळ केली. बर्फाचं पाणी! मग दगडावर बसून डाव्या तळहातावर लिंग घेतलं. नरसिंग सरांनी सगळ्यांना बोलू नका म्हणून खुणावलं. पण आज पूजा लवकरच आटोपली. घरी पाऊण तास लागतो.

१६ मे, शुक्रवार. शेवटचा तळ, अकरा हजार फूट

डोकं ठणकतंय. अक्षर वाकडं येतंय. दोनदा उलटी झाली. सर म्हणाले, पाणी पी, पडून राहा. उद्या बघू.

१७ मे, शनिवार

मी नाही गेले.

सकाळी उभी राहिले आणि तंबू फिरला. सर म्हणाले, महादेवी, एक पाऊलही वर नाही, आज इथंच थांबायचं, आणखी बिघडलं तर स्वयंपाकी तुला खाली नेईल. मी रडले. दहा वर्षं वाट बघितली, आणि वर फक्त हजार फूट राहिले!

आत्याबाई बूट काढून बसल्या, मी बी थांबते म्हणाल्या. मीच म्हणाले, जा. खरंच मनापासून म्हणाले की नाही, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा बूट घातले. टेकरामच्या पाठोपाठ त्या वर जाताना तंबूच्या फटीतून दिसत होत्या. इरकलीचा तांबडा ठिपका. मग तोही ढगात गेला.

त्यानंतर दिवसभर काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. झोप आणि जाग यांच्यामधे कुठंतरी पडले होते. ऊन तंबूच्या कापडातून पिवळं झिरपत होतं. वाटलं, मी फार हलकी झालेय, दोर सोडला तर तंबूसकट तरंगत जाईन. आणि खरं सांगायचं तर त्यात बरं वाटत होतं. कुणाची सून नाही, कुणाची बाई नाही.

तीन वाजता मंडळी परत आली. सगळे बोलत होते, हसत होते. खिंडीतून पलीकडं डोंगरांची रांगच्या रांग दिसते म्हणे. नरसिंग सर म्हणाले, आत्याबाई सगळ्यांच्या आधी पोचल्या. त्या मात्र थेट तंबूत आल्या. माझ्या कपाळावर हात ठेवून बसून राहिल्या. हात बर्फासारखा होता.

१८ मे, रविवार

आज उतरताना झालं ते लिहिते.

माझं डोकं उतरलं होतं. आम्ही दोघी मागं राहिलो होतो. देवदार पुन्हा सुरू झाले तिथं आत्याबाई एका ओंडक्यावर बसल्या. मला वाटलं, दमल्या. पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी बाजूला ठेवली.

"काल वर बसले," त्या म्हणाल्या. "लिंग हातावर घेतलं. काय मागावं म्हनलं तर तोंडच उघडंना."

मी शेजारी टेकले.

"पोराची, बसवराजची चिठ्ठी आलती. चार साल झाले. आपला जिल्हा झाला, फटाके उडले, त्याच हप्त्यात. मलप्पानं वाचून दावली."

मलप्पा म्हणजे गल्लीतला किराणा दुकानदार, यांचा लांबचा चुलतभाऊ. दर सणाला मला विचारतो, वैनी, काय खबर?

"होस्पेटला हाय त्यो. दुसरी केली. एक पोरगी हाय. लिव्हलं होतं, महादेवीला सांगा, मी काय येत न्हाई, तिला मोकळं करा." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "म्या चुलीत घातली चिठ्ठी. मलप्पाला शपथ घातली."

का, तेही त्यांनीच सांगितलं.

"तू गेली असतीस. मंग मला कोन होतं?"

वरून टेकराम येत होता. उतरताना तो सगळ्यांच्या मागून येतो. आम्हाला बघून तो तिथंच लांब थांबला, विडी पेटवली, पाठ करून उभा राहिला.

मी उठले आणि चालू लागले. वाटेत पाणी होतं, फुलं होती, एका मेंढपाळाचा कुत्रा बराच वेळ माझ्याबरोबर चालला. मागं आत्याबाईंचे बूट वाजत होते. मी थांबले की थांबायचे.

२१ मे, बुधवार. गाडीत

तीन दिवस आम्ही बोललो नाही. प्रत्येक स्टेशनवर त्या उतरतात, नळावर जाऊन माझा तांब्या भरून आणतात, माझ्या शेजारी ठेवतात. मी पिते. नरसिंग सरांना वाटतं, खिंड हुकली म्हणून मी रुसलेय. त्यांनी समजूत घातली — पुढच्या वर्षी अकरा दिवसांची वाट कर, हळूहळू चढलीस तर काही होणार नाही. हो म्हणाले.

डोळे मिटले की अजून ढग अंगातून जातो.

२३ मे, शुक्रवार. लातूर

घरी. घागरीच्या तळाला धूळ. सहा दिवस झाले नळ नाही म्हणे.

संध्याकाळी मलप्पाच्या दुकानात साखर आणायला गेले. आत्याबाईंनी त्याच्याजवळ आधीच बोलून ठेवलं असावं. त्यानं मान वर केली नाही. पुडी बांधताना हात चुकला, साखर सांडली. मी ती त्याला गोळा करू लागले. काय करावं कळलं नाही म्हणून.

आत्याबाईंनी आपलं बोचकं बांधून दाराशी ठेवलंय. निलंग्याला भावाकडं जाते म्हणतात. तुला तोंड दावू वाटत न्हाई, म्हणाल्या.

२६ मे, सोमवार

हे या वहीतही कधी लिहिलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मुलींची सहल घेऊन हंपीला गेले होते. होस्पेटच्या बाजारात कापडाच्या दुकानात हे बसलेले दिसले. मांडीवर दोन वर्षांची मुलगी. त्यांनी मला बघितलं नाही. मी अठ्ठेचाळीस मुली मोजल्या, गाडीत बसवल्या आणि परत आले. आत्याबाईंना सांगितलं असतं तर या घरात कुठल्या नात्यानं राहिले असते? उदगीरला भावाच्या दारात जायचं नव्हतं. आणि आत्याबाईंना सोडूनही.

बोचकं अजून दाराशीच आहे. आज दुपारी आत्याबाई भाकरी थापत होत्या तेव्हा सांगून टाकलं. सगळं. हात परातीत तसेच राहिले. तव्यावरची भाकरी करपली, ती मीच काढली. मग त्यांनी विचारलं, "पोरगी कुनावर गेलीय?"

"तुमच्यावर," मी म्हणाले.