पोट भरलं, आई

प्रिय फेतू,

हे अक्षर माझं नाही, तेव्हा वळणदार दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. तुझी आजी होती तशीच निरक्षर आहे. शाळेच्या वयात मी खडकांवरच्या खेकड्यांमागे धावले, आणि खेकड्यांना कुठे मुळाक्षरं येतात! मी बोलतेय आणि शेजारची फुआतिनो लिहितेय. तिला मध्येच कोंबड्या हाकायला उठावं लागतं, म्हणून एखादं वाक्य तुटलेलं सापडलं तर दोष कोंबड्यांचा. फोन का नाही केला, असं विचारू नकोस. फोनवर मी 'तुझी आई' एवढं म्हटलं की तुझी बस येते, नाहीतर दारावर कुणीतरी येतं, आणि आवाज बंद. ऑकलंडातल्या सगळ्या बसगाड्या माझ्याच बोलण्याची वाट बघत असतात वाटतं. कागदाला असं तोडता येत नाही. फार तर फाडशील, पण माझी नात आहेस, आधी वाचशील आणि मगच फाडशील.

इकडचं सांगते. फणसाचं झाड या खेपेला इतकं लगडलंय की रात्रंदिवस कुणीतरी धपाधपा उडी मारतंय असं वाटतं. पिसुपो म्हातारा झाला. डबाबंद मांसाचं नाव कुत्र्याला ठेवलंस तेव्हाच मी म्हटलं होतं की हा डब्यासारखाच होणार, आणि झाला. पाद्रीबुवांना साखर निघाली. त्यांच्या बायकोनं घरातला कोको बंद केला, तेव्हापासून त्यांना माझ्या आत्म्याची फार काळजी वाटते. प्रार्थनेला म्हणून येतात आणि दोन पेले गोड कोको पिऊन जातात. या बेटावर आता साखर म्हटलं की पोरंसोरंसुद्धा आजारच समजतात. परवा दुकानात मी साखर मागितली, तर दुकानदारीण घाबरून म्हणाली, "तुलापण झाली का गं, एसेता?" म्हटलं, "अगं, खायची दे, खायची!"

आता तू कपाळाला आठी घालशील, कारण पुढचं तुला ठाऊक आहे. मावशीनं मला सगळं सांगितलंय. डॉक्टरांनी तुला पोटाच्या शस्त्रक्रियेची तारीख दिली आणि तू नको म्हणालीस. इन्सुलिनची सुई तर हातातसुद्धा धरत नाहीस, बाटल्या फ्रीजमध्ये पडून आहेत. तुझ्या मानेवर मागच्या बाजूनं काळा पट्टा उमटलाय. हे ऐकलं आणि माझा हात आपोआप लिंबाकडे गेला. तुझ्या आईच्या मानेवर तो पट्टा पहिल्यांदा दिसला, तेव्हा मला वाटलं मळ. खोबरेल आणि लिंबू घेऊन मी तिची मान अशी घासली की ती ओरडली, "आई, पुरे! मळ नाही गं तो, कातडीच तशी झालीय." मोठी बाई, दोन हातांत मावणार नाही एवढी, आणि लहान पोरीसारखी डोळे पुसत बसली. मग दवाखान्यातल्या नर्सनं मला समजावलं, की शरीरात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याचं ऐकेनासं होतं, आणि तो पट्टा ही त्याची खूण. मला लगेच कळलं. माझा डावा कान तसाच आहे. माणसं बोलतात, मला ऐकू येत नाही, मग ती ओरडतात. तुझ्या आईच्या शरीराला सुईतून ओरडून सांगावं लागत होतं. दर वर्षी जरा आणखी मोठ्यानं.

मग माझी लेक, तुझी आई सिएनी, तिकडे ऑकलंडला गेली आणि पोट कापून लहान करून घेऊन आली. त्याआधी तिला कित्येक दिवस नुसत्या दुधासारख्या पावडरीवर ठेवलं होतं. फोनवर म्हणायची, "आई, स्वप्नात पण तारोचे कंदच दिसतात गं." परत आली तेव्हा विमानतळावर मी तिला ओळखलंच नाही, दुसऱ्याच बाईच्या गळ्यात हार घातला. सुई मात्र पूर्ण सुटली नव्हती, तिची साखर जुनी होती. पण शस्त्रक्रियेनंतर शरीराचे कान उघडले होते, आता कुजबूज पुरेशी होती. ती किती खाईल याचा नेम नसायचा, म्हणून नर्सनं तुला शिकवलं होतं, की आधी ताट बघायचं आणि मग सुई. ताटात उरलं तर सुई कमी, खाल्लंच नाही तर सुई नाही. तू ते इतकं नीट करायचीस की मी तुला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवायचे, आणि तू रागावून माझीच साखर तपासायचीस.

त्या रविवारचं मी तुझ्याशी कधी बोलले नाही. बोलू दिलं नाहीस. आज बोलते.

सकाळपासून अंगणात उमूच्या भट्टीचा धूर होता. चर्चमधून सगळे आपल्याकडेच आले, सिएनी परत आली म्हणून. ती पाहुण्यांच्या रांगेत, पहिल्या पंगतीला. तुम्ही पोरी वाढत होतात, फुआतिनो तिच्या शेजारी बसून माश्या हाकत होती. ताटात डोंगर होता. तारो, नारळाच्या दुधात भिजलेली पानं, डुकराचा तुकडा. पाद्रीबुवा हसत म्हणाले, "बघू या, तिकडच्या डॉक्टरांनी पोट कापलं की भूक!" सगळे हसले. जेवण झालं, सिएनीचं ताट रिकामं. तू खाली वाकून विचारलंस, "सगळं खाल्लंस, आई?" तिनं भुवया उडवल्या. आपल्याकडे 'हो' म्हणायला तोंड लागत नाही. तू ताट पाहिलंस, भुवया पाहिल्यास आणि शिकवल्याप्रमाणे सुई दिलीस. मग सगळे आडवे झाले. रविवारच्या जेवणावर झोपलेल्या माणसाला आपल्या गावात कुणी उठवत नाही, कुत्र्यालासुद्धा भुंकू देत नाहीत. तीही झोपली. चटईवर, खांबाकडे तोंड करून. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला तेव्हा सगळे उठले.

डॉक्टर म्हणाले की साखर फार खाली गेली, इन्सुलिन जास्त झालं. एवढंच म्हणाले. बाकीचं तू स्वतःशी म्हणालीस, आणि ते म्हणतच तू ऑकलंडला गेलीस. थडग्यावर फरशी बसवली तेव्हा आली नाहीस, रंग दिला तेव्हाही नाही. मी समजायचे. पण तू तिकडे एकटी बसून खात राहिलीस आणि सुईकडे पाठ करून बसलीस, ते समजायला मला वेळ लागला. पोरी, तू स्वतःला शिक्षा करतेयस, हे माझ्यासारख्या अडाणी बाईला उशिराच कळणार.

आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुझी मावशी म्हणते की आईचं डोकं फिरलंय. फिरलं असेल. थडगं घरासमोरच आहे, खांबाला टेकून बसलं की सरळ दिसतं. संध्याकाळी शंख वाजण्याआधी मी नेहमीसारखी रस्त्यानं जाणारीला हाक मारते, "ये गं, जेवून जा!" आणि जाणारी नेहमीसारखं म्हणते, "पोट भरलं!" भरलेलं असो नसो, म्हणायचं तेच असतं. पण कधी कधी रस्त्यावर कुणी नसतं. सवयीनं माझी हाक जाते, आणि उत्तर येतं. थडग्याकडून येतं. "पोट भरलं, आई." हळू, जरा लाजल्यासारखं. तेही माझ्या डाव्या कानात, ज्यात ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. पिसुपो उठून तिकडेच बघत राहतो, शेपूट हलवत नाही. पाद्रीबुवांना सांगितलं, तर त्यांनी कोकोचा पेला खाली ठेवला, आणि पुष्कळ दिवस प्रार्थनेला फिरकले नाहीत. बायका म्हणाल्या, संध्याकाळी केस मोकळे सोडू नकोस, उत्तराला उत्तर देऊ नकोस. मी केस बांधते, उत्तर देत नाही. पण मला कळायचं नाही की हे एवढं एकच वाक्य का. मेलेल्या माणसाला सांगण्यासारखं दुसरं काही नसतं का?

मागच्या आठवड्यात मी फुआतिनोला बोलावलं, तुला शिव्यांचं पत्र लिहायचं म्हणून. चांगल्या शिव्या काढून ठेवल्या होत्या. 'तुझ्या आईचं ताट रिकामं होतं, तुझा काय दोष' एवढं मी बोलले, आणि हिनं लेखणी खाली ठेवली. मला वाटलं कोंबड्या आल्या. पण ती रडत होती. म्हणाली, "एसेता, ते ताट तिनं खाल्लं नव्हतं." सिएनीनं दोन घास घेतले होते. दोनच. बाकी सगळं तिनं कमरेला गुंडाळलेल्या लावालावाच्या आडून फुआतिनोच्या टोपलीत सरकवलं, वर केळीचं पान टाकलं आणि कानात म्हणाली, "पोरांना ने. एवढ्या लोकांसमोर नको कसं म्हणू गं? उठले की गोड कोको पिईन, तूच करून ठेव." कोको हिनं केला होता. उशाशी ठेवला. तो तिथेच गार झाला, आणि झोपलेल्या माणसाला आपण उठवत नाही.

ही बाई इतकी वर्षं माझ्या अंगणातून जाता-येता मान खाली घालून जायची, आणि मला वाटायचं तिची मान दुखते. त्या दिवशी तिच्या पोरांनी तो तारो खाल्ला होता, तोंडून कसं निघणार? मी तिला शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हटलं, आता हे तुझ्या हातानं लिही. वरच्या ओळींत शाई पसरलेली दिसेल, ते पाणी कोंबड्यांचं नाही.

फेतू, तुझा हात चुकला नाही. ताट खोटं बोललं. खोटं बोलायला माझ्या लेकीला आपणच सगळ्यांनी शिकवलं होतं. रस्त्यावरून जाणारा उपाशी माणूस पोट भरलं म्हणतो आणि त्याचं सगळ्यांना कौतुक. तिचं खरंच भरलं होतं, त्या एका दिवशी तिला ते म्हणता आलं नाही. म्हणून आता रोज म्हणते. परवा मी पहिल्यांदाच तिला उत्तर दिलं. केस मोकळे होते, असू देत. म्हटलं, "बरं बाई, राहू दे ताटात." पिसुपो खाली बसला. आवाज मात्र काल पुन्हा आला.

तर हे पत्र कशासाठी ते ऐक. शस्त्रक्रिया करून घे. सुई पुन्हा हातात धर, आणि नंतर डॉक्टर कमी कर म्हणतील तेव्हा कमी कर. मग इकडे ये. मी पंगत घालीन, डोंगर वाढीन, कारण माझा हात आता सुधारणार नाही. तू दोन घास घे, आणि पाद्रीबुवांसमोर, सगळ्या गावासमोर, मोठ्यानं म्हण, "पोट भरलं, आजी." माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हण, तो अजून चांगला आहे. आवाजाची मला भीती वाटत नाही, तो माझ्या लेकीचा आहे, बापडा येतो आणि जातो. पण शंख वाजायच्या वेळी मी खांबाला टेकून बसते, हाक मारते, आणि श्वास धरून उत्तराचे आवाज मोजते. माझ्या डाव्या कानात अजून एकच आवाज येतो, पोरी. तिथे दुसरा मला ऐकायचा नाही.

तुझीच, उजवा कान रस्त्याकडे लावून बसलेली,
एसेता आजी