सुशीलाबाईची चिठ्ठी

रविवार, संध्याकाळ. अमरावती.

आज चर्चमध्ये प्रार्थनेच्या चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे मीच वाचल्या. एक सोडून. तिच्यावर सुशीलाबाईचं अक्षर दिसलं आणि न वाचताच मी ती बायबलमध्ये सरकवली. अकोल्याच्या पाहुण्यांना माझ्या रूथबद्दल नाही नाही ते सांगून जिनं सोयरीक मोडली, तिच्यासाठी मी मंडळीला आमेन म्हणायला लावू? ती माझ्याकडेच बघत होती. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

बाहेर तिनं गाठलंच. "माही चिठ्ठी काहून नाही वाचली, बाई?"

"वेळ नाही पुरला," मी म्हणाले.

घरी येऊन ती चिठ्ठी उघडली. 'रूथची सोयरीक माह्या खोट्या बोलण्यानं मोडली. मंडळीनं माह्यासाठी क्षमा मागावी.'

म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करणार होती, आणि मीच तिचं तोंड दाबलं. पुढच्या रविवारी वाचीन. तिच्याकडे बघत, एकेक शब्द सावकाश. मान वर करता येऊ नये तिला.

मघाशी रूथनं विचारलं, "आई, सुशीलामावशीच्या चिठ्ठीत काय होतं?"

"गुडघे दुखतात म्हणे तिचे."

आता आतल्या खोलीत रूथ तिच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करून राहिली आहे.