थांबलेला पाहुणा

प्रिय ठमाबाई,

मी फोन उचलत नाही म्हणून तू धुसफुसत असशील. रुसलो नाही गं. कानातलं यंत्र बादलीत पडलं आणि कायमचं गप्प झालं. कंपनीने तस्संच नवं पाठवलंय, पण ते कोरं. कानात घातलं की भांडी आदळल्याचा आवाज येतो आणि माणसाचं बोलणं तेवढं कळत नाही. तू समोर बसून, पेपर मोठ्याने वाचत, कॉम्प्युटरवर आवाजाची एकेक पट्टी वरखाली करून माझ्या कानाची जुळवणी केली होतीस, ती यात भरायला हवी. आणि ती अडकलीय पाहुण्याच्या पोटात.

पाहुणा म्हणजे तुझं ते व्हर्च्युअल मशीन. जुळवणीचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून तू त्याच्या आत दुसरा, जुन्या वळणाचा कॉम्प्युटर थाटून दिलास. बाहेरचा यजमान, आतला पाहुणा. पाहुण्याची डिस्कसुद्धा खरी नाही, यजमानाच्या डिस्कवरची एक भलीमोठी फाइल. खातो-पितो यजमानाचं आणि ऐट मात्र स्वतंत्र संसाराची! हा पाहुणा कसला, घरजावईच, असं मी म्हटलं होतं आणि तू किती हसली होतीस.

परवा यजमानाच्या डिस्कवर जागा संपली आणि पाहुणा जागच्या जागी थांबला. कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. त्याने कागदावर लिहून दाखवलं, की स्नॅपशॉटवर मागे जाऊ, सगळं ठणठणीत होईल. त्याचं बोट माउसवर टेकलं तसा मी त्याचा हातच धरला. बिचारा दचकला. बहुतेक ओरडलो असेन, मला माझा आवाज कुठे कळतो! अगं, स्नॅपशॉट म्हणजे पाहुणा त्या घडीला जसा असेल तशी टिपून ठेवलेली खूण. ती तू पहिल्याच दिवशी काढलीस, जुळवणी नंतरची. मागे गेलो असतो तर पाहुणा त्या दिवशी होता तसा उठला असता, आणि जुळवणी कधी झालीच नव्हती असं झालं असतं.

तेव्हापासून मदतीची पानं वाचतोय. जागा मोकळी करायला स्नॅपशॉट डिलीट करा, असं तिथे लिहिलंय. ते वाचून आधी पानच बंद केलं. पण मला उमगलंय ते असं, की त्याने मागे फिरायची वाट तेवढी पुसली जाते. नंतरचे बदल मूळ डिस्कमध्ये मिसळतात आणि आज आहे ते तसंच राहतं. मिसळायलाही जागा लागते, म्हणून घरचे सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले, तेव्हा कुठे जेमतेम तेवढ्यापुरती जागा झाली. पण त्यामुळे आता खबरदारी म्हणून पाहुण्याची नक्कल ठेवायला त्या डिस्कवर जागा नाही. मध्येच वीज गेली तर संपलंच. बटणापर्यंत बाण नेतो आणि परत आणतो.

एरवी तुला विचारल्याशिवाय हात लावला नसता. पण जावईबापूंनी काल सगळं लिहून कळवलं. गाठीचं, उद्याच्या ऑपरेशनचं, आणि अण्णांना सांगू नका म्हणून तू घातलेल्या शपथेचं. त्यांच्यावर डाफरू नकोस. आत नेण्याआधी तू काही बोलशील आणि मी न ऐकताच हो, हो करत बसेन, ते मला नको आहे. हे पत्र तुला ईमेलने धाडतो आणि बटण दाबतो. संध्याकाळी माझा फोन आला, तर भीती वाटतेय हेसुद्धा मोकळेपणी सांग. नाहीच आला, तर व्हिडिओवर ये आणि सावकाश बोल. मी तुझे ओठ बघत बसेन.

जिवाचा कान केलेला तुझाच,
अण्णा