गोगलगाय वेळेत पोचली

ता. ५ जून

चि. गोगलगाय हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र तू घासून दिलेल्या काचांच्या चष्म्यातून वाचलं. अक्षर मुंग्यांसारखं, तरी सगळं लख्ख दिसलं, म्हणजे तुझ्या हाताला तोड नाही. मांजरीला तीन पिल्लं झालीत, एक माझ्या चपलेतच झोपतं.

तर मुद्दा असा. तुमच्या चष्म्याच्या कारखान्यात ज्याला तू काच घासायला शिकवलंस त्याला तुझ्याहून जास्त पगार, आणि हे त्यानेच चहा पिताना फुशारकीने सांगितलं. कारण काय, तर तो पुरुषमाणूस, संसार चालवतो. मग तू काय भातुकली खेळतेस?

मुकादम म्हणे, ताई, आपण घरचेच, पुढच्या महिन्यात बघू. आणि तूच लिहितेस की कामगार कार्यालयात तक्रार द्यायची मुदत याच महिन्याच्या अखेरीला संपते. अगं, मग तो गोड का बोलतोय? आमच्या जुन्या खोलीचा गळका नळ घरमालक असाच पुढच्या आठवड्यात दुरुस्त करत राहिला. शेवटी शेवटी तुझे आजोबा बादलीची विचारपूस करून झोपायचे.

तू जन्मालाही उशिराच आलीस, डॉक्टरीण कंटाळली होती. एवढं एक वेळेत कर. आधी तक्रार दे, मग त्याचं गोड बोलणं ऐक. त्याची माया खरी असेल, तर ती लेखी पत्रातून दिसू दे.

तुझी आजी

ता. २४ जून

ती. आजीस सा. न.

तुझ्या पत्राचा रागच आला, विशेषतः त्या डॉक्टरणीच्या ओळीचा. पण आज जेवणाच्या सुट्टीत जाऊन तक्रार देऊन आले. तिथल्या बाई म्हणाल्या, बहुतेक जण मुदत उलटल्यावर येऊन रडतात. संध्याकाळी मुकादमाला पोच दाखवली. मी ताईची एकदम मॅडम झाले. आता कारखान्याला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. त्याने हळूच विचारलं, थोडी मुदत वाढवून मिळेल का. मला काही सुचेना, म्हटलं विचारून सांगते.

पिल्लू माझ्यासाठी ठेव.

तुझी नात

ता. २८ जून

चि. नातीला (गोगलगाय आजपासून बंद) आशीर्वाद.

पत्र शेजारणीला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा ती स्वयंपाकाचं निमित्त करून उठली. बरोबरीचा पगार तुला मिळेलच, तुझं काम त्यांनाही दिसतं. चपलेतलं पिल्लू तुझंच, चपलेसकट घेऊन जा.

आणि एवढं काय सुचेना तुला? त्याला म्हणावं, आपण घरचेच, पुढच्या महिन्यात बघू.

तुझी, हसून हसून पोट दुखलेली आजी