शर्टाच्या गाण्यात मी उठले

वेस्ट विंडसर

प्रिय वल्लरी,

हातानं लिहिलेलं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकते, माझी तब्येत ठणठणीत आहे. हे सगळं फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता. पण तू मला गाडीत स्पीकरवर टाकतेस, मध्येच "आई, वन सेकंद" म्हणतेस, आणि तो सेकंद संपेपर्यंत माझा धीर संपतो. रविवारच्या मराठी शाळेत तुला ओढत नेत होते ते वाया गेलं नाही असं धरून मराठीत लिहितेय. अडलीस तर परीक्षितला वाचायला दे. तो वाचणार म्हणून जावयाबद्दल यात काहीच वाईट लिहिलेलं नाही.

तू पाठवलेलं तिकीट मिळालं. घर विकायला काढायचे एजंटचे कागदही टेबलावर आहेत. अनिकानं क्युपर्टिनोतल्या तुमच्या घरातल्या माझ्या खोलीचा फोटो पाठवला. भिंतीला आबोली रंग दिलास, खिडकीत तुळस ठेवलीस. फोटो बघून मला भरून आलं. तरी मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही, आणि तू चिडली आहेस हे मला तुझ्या मेसेजमधल्या "ओके"वरून कळतं. उत्तर देणारच आहे, पण त्यासाठी मला जरा लांबून यावं लागेल.

बाबा गेल्यावर मी घरी चहा करणं सोडलं होतं, हे तुला ठाऊक नाही. सकाळचा चहा लग्नापासून त्यांचाच. आलं किसून नाही, ठेचून घालायचं, यावरून ते मला सुनवायचे. मी केला तर रंग यायचा, चव यायची नाही. मग एकटीनं तो पीत त्या स्वयंपाकघरात बसणं नको वाटायचं. म्हणून सकाळी आवरायचे, गाडी काढायचे आणि दिमित्रीच्या डायनरमध्ये कॉफी प्यायला जायचे. तुला आठवेल तो, मिशीवाला, बिलाबरोबर तुला पेपरमिंट द्यायचा आणि तुझे दात किडतील म्हणून मी डोळे वटारायचे. आता डायनर त्याचा भाचा चालवतो. दिमित्रीची बायको एलेनी बाबांच्या थोडी आधी गेली. तो काउंटरमागे पुसलेलेच कप पुन्हा पुसत बसतो आणि ग्रीक गाणी लावतो.

मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. सूर असा की निदान एखादं जहाज तरी बुडालं असणार. एके दिवशी न राहवून विचारलं, हे कशाबद्दल आहे? म्हणाला, शर्टाबद्दल. बायकोनं रविवारसाठी शर्टाला इस्त्री केली, नवरा तो घालून मित्रांकडे गेला आणि संध्याकाळपर्यंत परतलाच नाही. मला हसू आलं. मग मला रोज विचारायचा नादच लागला. एका गाण्यात शिवणकामाच्या कारखान्यातली मुलगी बसची वाट बघते. एकात खिडकीतली बेझिलची कुंडी आहे, आपल्या तुळशीची बहीणच ती, आणि घरचे सगळे बाहेरगावी गेल्यावर तिला पाणी कोण घालणार एवढीच चिंता आहे. एकात मुलगा परदेशी कारखान्यात गेलाय आणि आई विचारते, थंडीत मोजे घालतोस ना. मी जन्मभर भावगीतं गायले. त्यात चांदणं होतं, पैलतीर होता, सगळं सुंदर होतं, पण मोजे काही कुणी घातले नाहीत. आणि माझी आई मला साताऱ्याहून पत्रात मोज्यांबद्दलच विचारायची. परदेशी राहण्याच्या दुःखाला त्यांच्याकडे खास शब्द आहे, क्सेनितिया. तो त्यांच्या गाण्यात भाजीत मीठ पडावं इतक्या सहज येतो. अनिकाला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "आजी, दॅट इज सो रँडम." मी म्हटलं, अगं, रोजचंच आहे.

एकदा त्यानं एक गाणं मध्येच बंद केलं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, माणूस सकाळी उठतो, सवयीनं दोन कप काढतो आणि मग एक परत ठेवतो. बाकी काही नाही. त्यानं माझा कप भरला आणि पुसायला दुसरा घेतला.

मागच्या महिन्यात त्यांच्या चर्चची जत्रा होती. दिमित्री म्हणाला, "सुला, यू कम." माझं पूर्ण नाव त्याला झेपत नाही. मी गेले. मांडव होता, पालकाची पॅटिस होती, तुझ्या वयाच्या मुली गोल करून नाचत होत्या. संध्याकाळी दिमित्री वादकांपाशी गेला आणि काहीतरी सांगून आला. शर्टाचं गाणं सुरू झालं. मैदान एकदम रिकामं झालं. तो एकटाच मधे आला, हात पसरले आणि सावकाश फिरायला लागला, जमीन हलतेय की काय अशा बेतानं. बाकीचे सगळे कडेला एका गुडघ्यावर बसून टाळ्या वाजवत होते. माझा जीव कळवळला. एवढी माणसं, आणि म्हाताऱ्या माणसाबरोबर एकही उठत नाही? मंगळागौरीत कुणी एकटी मधे उभी राहिली तर आपण तिला तशी ठेवतो का? मी चपला काढल्या, पदर खोचला आणि फुगडीला हात धरतात तसे हात पुढे करून थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

टाळ्या थांबल्या. गायकाचा चेहरा बघून कळलं की काहीतरी भयंकर केलंय. एक बाई मला न्यायला उठल्यासुद्धा. मग समजलं, मागून घेतलेलं गाणं त्या माणसाचं एकट्याचं असतं. त्यात दुसऱ्यानं पाय टाकायचा नाही. त्याला त्याचं दुःख नाचू द्यायचं. एकेकाळी म्हणे यावरून मारामाऱ्या व्हायच्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण दिमित्रीनं त्या बाईंना हातानंच थांबवलं. दोन पावलं मागे गेला, कडकड आवाज करत एका गुडघ्यावर बसला आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागला. एलेनीचं गाणं त्यानं मला देऊन टाकलं.

काय नाचले मला माहीत नाही. त्या वाकड्या तालात माझी एकही गिरकी बसली नाही. पण मधे कुणी नव्हतं, वल्लरी. बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. मंडळातल्या बायका डबे घेऊन येत, भारतातले नातेवाईक स्क्रीनवर, कोपऱ्यात तू रडत होतीस आणि मी सगळ्यांना पाणी विचारत होते. "आई इज सो स्ट्राँग," असं तू परीक्षितला सांगताना मी ऐकलं. स्ट्राँग कसली, मला जागाच नव्हती. त्या मैदानात मी तुझ्या बाबांसाठी पहिल्यांदा रडले, मोठ्यानं, अनोळखी लोकांसमोर. कुणी जवळ आलं नाही, कुणी डोळे पूस म्हणालं नाही. नुसत्या टाळ्या वाजत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी घरी चहा केला. आलं ठेचून घातलं. बरा झाला होता.

तर तिकीट कॅन्सल कर, बाळा. घरही विकायचं नाही. खोलीचा आबोली रंग राहू दे, मी थंडीत येऊन राहीन, पण पाहुणी म्हणून. तू विचारायच्या आधीच सांगते, हो, दिमित्री मला आवडतो. लग्नबिग्न काही नाही. पण सकाळचा चहा आता दोघांचा होतो, माझ्या स्वयंपाकघरात, आणि त्याला तो फार तिखट लागतो. तुला वाटेल आई एकटी पडली, आपण धावलं पाहिजे. मीही तशीच धावले होते. मे महिन्यात पुन्हा जत्रा आहे, परीक्षितला आणि अनिकाला घेऊन ये. मी एक गाणं मागून घेणार आहे, दोन कपांचं. तेव्हा तू उठू नकोस. कडेला एका गुडघ्यावर बस आणि टाळ्या वाजव. मी पडणार नाही, आणि पडलेच तर तू जवळच असशील.

तुझीच,
आई