कोंडवाड्याचा कायदा

व्हय आबा, मीच उठले. बायकांत बसले व्हते तितनं उठले, पदर सावरला आन् कुनी बोल म्हनायच्या आधीच बोलायला लागले. तुमी असता तर खाकरून डोळे वटारले असते, म्हून तर तुमालाच सांगते.

कामशेतला भाताच्या गिरणीम्होरं सभा व्हती. आणीबाणी उठली, नवं सरकार आलं, तर पुण्याचे दोन वकील आन् एक म्हातारे जज्जसाहेब गावोगाव इचारत फिरत व्हते. देशाला धोका हाय म्हनून, कारण न सांगता मानूस आत टाकायचा, हा मिसाचा कायदा ठेवावा का काढावा? लोकांचं म्हननं लिहून दिल्लीला धाडनार व्हते. माझा थोरला तुमी न्हाई बघितला, तुमच्या माघारी जलमला. तळेगावच्या कारखान्यात हाय. त्याला जीपगाडीतनं नेलं ते आणीबाणी उठंपातुर तुरुंगात. का, ते त्यालाबी कुनी सांगितलं न्हाई. सुटून आला, पर गाव त्याच्याशी आखडूनच बोलायचं. सभेत त्याच्या बाजूची जागा मोकळीच. आन् सरपंच उठून म्हनतो, "कायदा ठेवा साहेब. उगाच कुनी धरतं व्हय? काहीतरी केलंच असंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. लेकानं खाली घातली.

तवा मला कोंडवाडा दिसला, आबा. मी परकरातली पोर. शेजारीण मला नकटी म्हनली म्हून तिची म्हस मी आत घालून कडी लावलेली. तुमी येता, कमरेवर हात ठेवून इचारता, "हिनं कुनाचं खाचर खाल्लं?" मी नुसती माझ्या नाकाकडं बोट दावते. "ज्याचं खाल्लं त्यानं चावडीवर तोंडानं सांगायचं, मगच कडी. उघड दार." आन् भर गावातनं मला ती म्हस तिच्या दावणीला पोचवायला लावलीत. नकटी ती नकटीच, वर लोकं हसली.

तेच सांगितलं. म्हनलं, "साहेब, माझा बा कोंडवाडा राखायचा. कारण सांगितल्याबिगर त्यानं म्हस कोंडली न्हाई. मान्साला म्हशीएवढा तरी मान द्या." कोटातला वकील घाम पुसत हसला. जज्जसाहेब हसले न्हाईत. म्हनले, "मावशी, जरा हळू सांगा, लिहून घेतो."

"हळू कशाला? जीपगाडी काय हळू आलती?"

सरपंच म्हनला, "वैनी, म्हस आन् मानूस एक का?"

"न्हाई ना भाऊ. म्हस सुटून आली की गाव तिच्याकडं वाकडं बघत न्हाई."

मग जे हसले ते पार गिरणीचे हमालसुदीक. हात वर करा म्हनल्यावर सरपंचाचा सोडून सगळ्यांचे वर. आता रेडिओवर सांगितलं, कायदा गेला. दिल्लीवाले म्हनतील आमीच काढला, म्हनू द्या. तुमचा कोंडवाडा तितवर पोचला एवढं मला ठावं. काल सरपंच सोता येऊन लेकाला चहाला घेऊन गेला, आन् मी दारात उभी राहून म्हनलं, "भाऊ, कारण सांगून न्या हं."

हे पोस्टात टाकायला तुमचा पत्ता न्हाई, आन् घरात ठेवलं तर लेक वाचंल. चुलीत घालीन. गाव म्हनतं आई असावी तर अशी, लेकबी म्हनतो. त्याला सांगितलं न्हाई, सांगनारबी न्हाई. तो आत व्हता तवा, आबा, मलाबी वाटलं व्हतं, काहीतरी केलंच असंल त्यानं.