पांगाऱ्याचा आडोसा

पिंपळमळा,
१९ फेब्रुवारी १९७३, सोमवार

थोरल्या जाऊबाई राहीबाई यांना मनकर्णाचा नमस्कार. तो रीतीपुरताच धरा.

तुमच्याच्यानं शेळी बांधून ठेवणं होत नसेल तर तसं सांगा. दोन घरांमधल्या माझ्या कुंपणाची साल तिनं पार सोलून काढली. दुष्काळ काय एकट्या तुमच्याच शेळीला आहे? वाटणी झाली त्या साली तुमचं अंगण डोळ्यांपुढं नको म्हणून मी ते लावलं. आमचे हे म्हणत होते, शेराचं झाड लाव, बारा महिने हिरवं राहतं. पण एवढी वाट कोण बघणार? पांगाऱ्याच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या तोंडावर दाट रोवल्या, दुसऱ्या साली पलीकडचं माणूस दिसेना. पाणी नाही घातलं तरी जगतो. फक्त उन्हाळा जवळ आला की सगळी पानं टाकतो. तेवढे दिवस मी गोणपाट बांधते. यंदा गोणपाटं खडी फोडायच्या कामावर सावलीला नेली, आणि कुंपण उघडं पडलं.

काल तुमच्या अंगणात एक पोटुशी बाई भांडी घासत होती. म्हटलं, कोण पाहुणी आली? ती कमरेवर हात देऊन उठली, तर माझी चांगुणा.

देवळालीला सासरी सुखात नांदते म्हणून मी गावभर सांगत होते. दिवस किती भरलेत तिचे, राहीबाई? कधी आली तेही मला माहीत नाही.

मी विचारलं, "इथं कशी गं?"

"तुझ्या दारात आले असते तर तू परत एसटीत बसवलं असतंस," म्हणाली, आणि खाली बसून भांडी घासायला लागली.

मागं दोनदा मार खाऊन आली, दोनदा मीच पोचवून आले. दुसरं काय करतात आया? पोटात मूल आहे हे तेव्हा ती बोलली नाही, का मी विचारलंच नाही, आता आठवत नाही.

पहिलं बाळंतपण आईच्या घरीच होत असतं. मी कालच बाज विणायला काढली. तिला सांगा, परत पाठवणार नाही. माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाही, तुमच्या वाटेल.

मधले दोन पांगारे आज कोयत्यानं तोडून वाट केली आहे. पाऊस पडला की ते फुटतील, मी फुटू देणार नाही. शेळी आली तर येऊ दे.

ही चिठ्ठी तिथल्याच पांगाऱ्याच्या काट्याला खोचते. गुरुवारी दिवस मावळायच्या आत जबाब द्या. ती नाही म्हणाली तरी कुंपणापाशी येऊन तोंडानं सांगा.

तुमची धाकटी जाऊ,
चांगुणाची आई
मनकर्णा